नव्या भाताची पानं

पहिला नकार आला तेव्हा मी तलासरीच्या सायबर कॅफेत होते आणि माझं डोकं फिरलं. मुंबईच्या कारखानीस मॅडम एजंट आहेत, लेखकांची पुस्तकं प्रकाशकांकडे नेतात. त्यांनी लिहिलं होतं, "गोष्ट गोड आहे, पण हे चित्रपुस्तक नाही. सगळं एकाच कागदावर. उलटायला पानच नाही."

मी अंगणवाडीत शिकवते. आमच्या मुलांच्या पुस्तकांत बंगले असतात, बर्फसुद्धा असतो, फक्त कुडाचं घर नसतं. ते असलेलं एक तरी पुस्तक मला हवंच होतं. म्हणून मी जिवलीची गोष्ट लिहिली. चुलीवर नवा भात शिजतोय, वास सुटलाय, पण धान्यदेवी कणसरीला दाखवल्याशिवाय कुणी तोंड लावायचं नाही. भुकेली जिवली ज्याच्याकडे जाते तो म्हणतो, थांब.

चित्रं माझ्या सासूबाईंनी काढली. लग्नघराच्या भिंतीवर काढायचा त्यांचा हात. मोठ्या कागदावर खळं, चूल, देवी आणि कोपऱ्यात पोटभर जेवणारी जिवली, सगळं एकदम.

"भितीवर तं आख्खाच दिसतं," त्या म्हणाल्या. "लपवायचा कशाला?"

मलाही तेच वाटत होतं. पण कागद अंगणवाडीत नेला, तर पोरांनी आधी जेवणारी जिवली शोधली आणि सगळी पोरं खेळायला पळाली. मॅडमचं खरं होतं. हे मानणं फार जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी कागदाची गुंडाळी केली आणि थोडी थोडी उलगडत गोष्ट सांगितली. प्रत्येक "थांब"ला मीही थांबले. सगळ्यांच्या डब्यात हात घालणारी शितल स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. मी जिथे थांबले, तिथे तिथे पेन्सिलीनं खूण केली.

सासूबाईंनी कुरकुरत सगळी चित्रं नव्यानं काढली, एका पानावर एक "थांब". ती पाठवल्यावर मॅडमचं उत्तर आलं, "सुंदर! पण शहरातली मुलं इतकं थांबणार नाहीत. जिवलीला मध्येच चोरून एक घास खाऊ द्या ना."

मी तिथल्या तिथे लिहिलं, "मॅडम, पानांचं तुमचं ऐकलं, हे ऐकणार नाही. घास खाल्ला की गोष्ट संपली. एखाद्या मुलाला वाचून दाखवा, मग ठरवा. नको असेल तर मी दुसरीकडे पाठवते."

बरेच दिवस काहीच आलं नाही. मी आणखी दोन एजंटांचे पत्ते शोधून ठेवले. रात्री झोप लागत नव्हती, पण घास काही मी घातला नाही.

मग फोन आला. "सुषमाताई, भाचीला वाचून दाखवलं. मी मुद्दाम शेवटचं पान आधी उघडायला गेले, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, आधी देवीचं होऊ दे." मॅडम हसल्या. "घास नको. असंच प्रकाशकांकडे पाठवते. पण त्यांचं उत्तर यायला खूप वेळ लागतो हं. थांबाल ना?"

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या.

"थांबते ना," मी म्हटलं. "पण शेवटच्या पानावर भात पाहिजे."