नमुन्याचा कोर्स

तोंडाला कुलूप लावून तो बायकोच्या खुर्चीमागे उभा राहिला. ऑफिसचा नियमच होता: वेबसाइट वापरून बघणाऱ्याला अवाक्षराची मदत करायची नाही, तो कुठे अडतो तेवढं टिपायचं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना घरबसल्या कोर्सची जागा धरता यावी, म्हणून त्याने रक्त आटवून ही वेबसाइट केली होती. उद्या ती साहेबांना दाखवायची. वापरून बघायला नोकरी करणारं माणूस हवं होतं, आणि ते घरात फुकट मिळत होतं.

बायको नर्स. रात्रपाळी करून आली होती, डोळे चुरचुरत होते, तरी बसली. एक कोर्स बुक करून दाखव, एवढंच त्याने सांगितलं होतं. यादीवरून खाली सरकणारं तिचं बोट एके ठिकाणी थांबलं. अतिदक्षता विभागाचं प्रशिक्षण, शनिवार-रविवार, पाळीवाल्यांसाठी. ती सावरून बसली. लग्न झाल्यापासून तिला हेच शिकायचं होतं. आधी सासूचं आजारपण आडवं आलं, मग बाळंतपण, मग नवऱ्याची हौस. नोकरी सोडून तो घरी डिझाइन शिकत बसला तेव्हा चूल हिच्या पगारावर पेटत होती. चारचौघांत तो हे सांगत नसे.

तिने भराभर सगळं भरलं. 'आपली जागा निश्चित झाली' अशी हिरवी अक्षरं आली, तशी ती उठून आत गेली. त्याची छाती फुगली. तो टिपणं काढत बसला.

ती परत आली ती वेगळीच. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना फोन करून तिने शनिवार-रविवार सोडवून घेतले होते आणि बदल्यात वर्षभराच्या जादा रात्रपाळ्या गळ्यात घेतल्या होत्या. इतकी वर्षं झोपली होतीस काय गं, असं बाईंनी विचारलं म्हणे. सांगताना ती हसत होती.

आता सांगणं भाग होतं.

"अगं, असा कोर्सच नाहीये कुठे. यादी रिकामी दिसू नये म्हणून मी भरलंय काहीतरी. नमुना म्हणून."

"काहीतरी?" तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "शब्द तर माझे आहेत."

"सुचत नव्हतं. मग तू म्हणायचीस ते आठवलं."

"म्हणजे ऐकू येत होतं तुला."

यावर एखाद्याने मान खाली घातली असती. याला उद्यासाठी तिचा अभिप्राय हवा होता, आणि तो त्याने मागितलाही.

"लिही," ती म्हणाली, "फार सोपं आहे. कुठेच अडले नाही."

साहेबांनी ते वाक्य भिंतीएवढं मोठं करून दाखवलं. टाळ्या पडल्या. त्यानेही वाजवल्या.

मेट्रनबाईंनी रात्रपाळ्या काही परत घेतल्या नाहीत. तिची शनिवार-रविवारची पाळी दुसरीच्या नावावर चढली होती. ते दोन दिवस तेवढे मोकळे राहिले. पहिल्या शनिवारी सकाळी तो उठला तेव्हा ती नाहून, केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून टेबलापाशी बसली होती. कुठे निघालीस, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि वाळलेल्या कपड्यांतून मुलाच्या मोज्यांच्या जोड्या लावू लागली.