पाइपात बसवलेली बासरी

आमचे थोरले दीर, श्यामकांत भाऊजी, म्हणजे एक नंबरचा उपद्व्यापी माणूस. बँकेतून रिटायर झाले आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या समस्त वाद्यांना साडेसाती लागली. कारण काय, तर ह्यांना घरच्या घरी वाद्यांच्या केसेस बनवायचा नाद. भजनी मंडळाच्या टाळांना जुन्या पँटच्या पायाची पिशवी, तीही चेन उलटी बसवलेली. शेजारच्या चंद्रप्रकाशांच्या माउथ ऑर्गनला चष्म्याचं घर, आत इतका गोंद की बिचारे कितीतरी दिवस वाजवताना तोंड वाकडं करत होते. तरी सगळे म्हणायचे, "वा, झकास!" मोठ्या माणसाचं मन कशाला मोडा? माणूस वयाने मोठा, अकलेने नव्हे, हे सांगणार कोण!

माझी गार्गी बासरी वाजवते. अंधेरीच्या एका संगीत संस्थेची शिष्यवृत्ती होती, मिळाली की थेट मोठ्या गुरूंकडे शिक्षण. शनिवारी सकाळी ऑडिशन. त्यासाठी पोरीने सहली सोडल्या, मैत्रिणींची लग्नं सोडली, वर्षभर यमन घोटला. आणि शुक्रवारी ती कॉलेजला गेल्यावर भाऊजींनी तिची बासरी उचलली. सरप्राइज द्यायचं होतं म्हणे!

बाथरूमच्या कामातून उरलेला प्लास्टिकचा पाइप घेतला. दोन्ही टोकांना झाकणं बसवली, त्यांना आतून जाड फोम चिकटवला. माप? छे! मापं सामान्य माणसं घेतात, भाऊजी अंदाज घेतात. बासरी दोन बोटं बाहेर राहिली. आता अक्कल असलेला माणूस फोम काढेल. ह्यांनी करवत काढली.

"अगं रेवती, शेवटच्या भोकाच्या पुढे नुसता बांबूच तर होता," संध्याकाळी मलाच समजावत होते. "आणि फोम पक्का चिकटला होता ना."

गार्गीने सगळी भोकं बंद करून फुंकर घातली. तिथे पंचम लागतो. तो पार चढला होता. ना धड पंचम, ना धड धैवत. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण माझा नवरा, देवव्रत, कानाशी पुटपुटला, "दादाने प्रेमाने केलंय गं." प्रेमाने! असल्या मेल्या प्रेमाला आग लावा!

नवी बासरी हाताला बसायला महिने जातात, आणि ऑडिशन तर उद्यावर. गार्गीने डोळे पुसले. म्हणाली, "आई, मी मालकंस वाजवते. त्यात पंचम लागतच नाही."

शनिवारी आम्हा तिघांबरोबर भाऊजीही निघाले. इस्त्रीचा झब्बा, मांडीवर पाइप. टॅक्सीत म्हणतात, "केस कुठून घेतली असं कुणी विचारलं, तर माझं नाव सांग हं." ह्या माणसाने लाज कोळून प्यायली होती.

मालकंस असा काही लागला की परीक्षक डोळे मिटून बसले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. संपल्यावर ते म्हणाले, "सुंदर! आता थोडा यमन ऐकव."

गार्गीने बासरी मांडीवर ठेवली. "नाही जमणार, सर. हिचा पंचम गेलाय. खालून कापलीये."

"कुणी कापली?"

पोरीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मीच. केसमध्ये बसत नव्हती."

परीक्षकांचा चेहरा आंबला. "केससाठी वाद्य कापणाऱ्या मुलीला आम्ही काय शिकवणार, बाळ?" आणि त्यांनी पुढच्या मुलाला खूण केली.

मी भाऊजींकडे पाहिलं. आता तरी तोंड उघडतील! ते पाइपाचं झाकण रुमालाने पुसत होते. मग मात्र माझा तोल सुटला. देवव्रत हात ओढत होता, तो झटकून मी उभी राहिले.

"तिने नाही, सर! ह्यांनी कापली, माझ्या दिरांनी. मोठं माणूस म्हणून पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय, आणि हे खुशाल बसलेत!"

सगळ्यांच्या माना भाऊजींकडे वळल्या. ते उठले, घसा खाकरला. माफी मागतील असं वाटलं मला, खरंच वाटलं.

"पण आता केसमध्ये बरोब्बर बसते, सर," ते म्हणाले, आणि पाइप उंच धरून सगळ्यांना दाखवला.