चांगुणाची दवंडी

मी डफ बोलतोय. धामणगाव बढेच्या चावडीत खुंटीला टांगलेला, कचरू कोतवालाचा दवंडीचा डफ. गावात मला कुणी डफ म्हणत नाही, डफडंच म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. बकरीचं कातडं आणि लाकडाचं कडं, एवढाच माझा जीव. पण मी वाजलो की अख्खा बाजार गप्प व्हायचा, याचा मला भारी तोरा होता. तो कसा उतरला ते सांगतो.

माझं काम बहुतेक चुकल्या गुरांचं. कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली की तिची रवानगी कोंडवाड्यात, आणि कचरू मला गळ्यात अडकवून गावभर.

"ऐका हो ऐका! तांबडी गाय, डावं शिंग मोडकं, कोंडवाड्यात हाये. ज्याची असन त्यानं गावातले दोन गवाह घेऊन यावं अन् खूण पटवून घेऊन जावं, होऽ!"

दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, अशासाठी की दुसऱ्याचं जनावर कुणी हाकून नेऊ नये. वीस वर्षं हेच शब्द. कचरू ते झोपेतही बोलला असता.

बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर माणसांच्या टोळ्याच्या टोळ्या आमच्या गावावरून जायच्या. एका बाजारच्या दिवशी त्यांतली एक पोर मागे राहिली. पाच-सहा वर्षांची, हिरवं झंपर, हनुवटीवर गोंदण. नाव विचारलं तर म्हणाली, चांगुणा. गाव विचारलं तर म्हणाली, आमचं घर. पोलीस पाटील हिंमतरावांनी तिला चावडीत बसवलं आणि कचरूला म्हणाले, "दे बे दवंडी."

कचरूनं दिली. झंपर सांगितलं, गोंदण सांगितलं, आणि पुढचं जीभ आपणहून बोलून गेली. "ज्याची असन त्यानं गावातले दोन गवाह घेऊन यावं अन् खूण पटवून घेऊन जावं, होऽ!"

कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. मी आपला दणकून वाजलो.

भाजीवाल्या मंजुळाबाईच्या दुकानापाशी एक बाई उभी होती. डोक्यावर टोपलं, तोंडावर वाटेची धूळ. झंपराचा रंग ऐकून तिचा चेहरा फुलला. मग गवाहांचं ऐकलं आणि तो तसाच उतरला.

"मावशी, गावातले दोघं कुठून आणू? मला इथं कोण वळखतं?"

"मी तं तुले कधी पाह्यलंच नाही, बाई. कशी गवाही देऊ?" मंजुळाबाई म्हणाली. "अन् तशीच गेली तं पोरं पळवणारी म्हणून धरतीन तुले."

बाईनं आणखी दोघातिघांना विचारलं. त्यांनी माना फिरवल्या. ती चावडीच्या रस्त्याला चार पावलं आली, थांबली, आणि टोळी गेली त्या वाटेनं पळत सुटली. मी दहा हातांवर, तिकडे पाठ केलेल्या कचरूच्या गळ्यात होतो. पण कुणी थाप मारल्याशिवाय मला तोंड नाही.

आठ दिवस गेले. हिंमतराव म्हणाले, "ढोर असतं तं लिलाव केला असता. हिचं काय करू मी?" त्या दिवसापासून चांगुणा बाजाराची झाली. मोटार थांब्यामागच्या ओट्याखाली तीन-चार पोरं आधीच राहत होती, त्यांच्यात मिसळली. पडलेला भाजीपाला, हॉटेलातलं उष्टं. ज्यांच्या दारचं कुत्रं भाकर खायचं, तेच लोक या पोरांना हाड म्हणायचे.

कचरूच्या घरी खाणारी पाच तोंडं. तरी चतकोर भाकर तो रोज तिला द्यायचा. घरी मात्र त्यानं तिला नेलं नाही. यात त्याला दोष द्यावा की नाही, मला अजून ठरवता येत नाही. दर बाजारी ती त्याचं धोतर ओढून विचारायची, "काका, माझी दवंडी दिली का?" तो पुन्हा द्यायचा. तीच, तशीच, गवाहांसकट.

एका सकाळी ओट्याखाली कुणी नव्हतं. पोरं मालट्रकवर बसून मलकापूरला गेली, असं कळलं.

त्यानंतर सोळा दिवसांनी ती बाई आली, एक पाय ओढत. सोबत आमच्याच गावचा सहदेव आणि त्याची बायको. दोघं खडीच्या कामावर होते. त्यांच्या शेजारी बसून तिनं तीन महिने खडी फोडली होती, ओळख व्हावी म्हणून.

"दोघं आणलेत," ती म्हणाली. "गाववालेच आहेत, इचारा त्यांना. आता माझी चांगुणा द्या."

पोर मलकापूरला गेल्याचं कचरूनं तिला सांगितलं. आपण काय ओरडत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन मलकापूर स्टेशनावर गेला आणि त्यानं मला वेड्यासारखं बडवलं. "चांगुणा नावाची पोर, हनुवटीवर गोंदण! तिची माय आली हाये. गवाह नाही पाह्यजेत, काहीच नाही पाह्यजे, होऽ!"

मालधक्क्यामागून, पुलाखालून पोरं निघाली. दहा, पंधरा, आणखी कितीतरी. चांगुणा त्यांत नव्हती. ती कालच कोणत्या तरी गाडीत चढली, असं एक थोराड पोरगी म्हणाली. मग एक शेंबडं पोर कचरूपुढं येऊन उभं राहिलं.

"काका, माही बी दे ना दवंडी. आमच्या दारात चिंच हाये."

"माह्या बापाचं नाव जानराव हाये," दुसरं म्हणालं.

तिसऱ्याला काहीच आठवत नव्हतं. ते नुसतं रांगेत उभं राहिलं.

कचरूनं सगळ्यांची दवंडी दिली. ज्याला काही आठवत नव्हतं त्याचीही. "एक पोर हाये, होऽ." एवढीच. माझं कातडं त्याच दवंडीला फाटलं. चांगुणाची आई गावाकडे परतली नाही. येईल त्या गाडीत डोकावत ती तिथंच राहिली.

आता चावडीत भोंगा आलाय आणि मला कुणी सांधलं नाही. बाजारच्या दिवशी माझं फाटकं कातडं आपोआप थरथरतं आणि त्यात ती पोरं बोलायला लागतात, एकामागून एक. लोक म्हणतात, वाऱ्यानं हलत असेल. त्या वेळी झाडाचं पानही हलत नसतं.

बाबांनो, तुमच्याकडून मला एवढंच हवंय. थांब्यावर, ओट्याखाली एखादं पोर दिसलं तर कुणाचं रे तू, एवढं विचारा. आणि हनुवटीवर गोंदण असलेली कुणी चांगुणा कुठं भेटली, तर तिला सांगा. आपल्याला न्यायला कुणी आलंच नाही, असं ती समजत असेल. तिला सांगा, तुझी माय आली होती. गावातले दोन गवाह घेऊन आली होती.