भिंतीकडे तोंड केलेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, आणि दुसऱ्याचं चांगलं मला बघवत नाही. हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या भांड्यांनी शहाण्यासारखं बोलावं, आपण कसे झिजलो आणि तरी कसे हसत राहिलो ते सांगावं, अशी रीत आहे. मी झिजलो, पण हसत नव्हतो. मी जळत होतो.

माझा जन्म नगरचा. तांबटानं मला भट्टीत लाल केलं आणि ऐरणीवर ठोकून घडवलं. त्याच्या हातोड्याचे ठोके अजून माझ्या अंगावर आहेत, माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. मुक्ताच्या बापानं तिच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. त्यानं छिन्नीनं ठिपका ठिपका मारत माझ्या गळ्याखाली लिहिलं: 'सौ. मुक्ताबाई सूर्यभान, मु. खर्डा.' दुखलं. पण आपल्याला पहिल्यांदा कुणी नावानं हाक मारल्यावर जसं वाटतं, तसंही वाटलं.

खर्ड्याच्या घरात मी मांडणीवर पहिल्या रांगेत होतो, नाव दाराकडे. मुक्ता मला चिंच आणि राख लावून असं घासायची की शेजारणी माझ्यात तोंड बघून कुंकू नीट करायच्या. तिचा नवरा सूर्यभान शेतातून आला की पायातली वहाण सुटायच्या आधी माझ्यावरचं झाकण वाजायचं.

मग एका पावसाळ्यात त्याला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. सापाचं नाव घेतलं तर तो पुन्हा येतो म्हणे. सूर्यभान पुन्हा आला नाही, आणि त्या दिवसापासून त्याचंही नाव घेणं बंद झालं.

मुक्ता माहेरी आली. मीही आलो. पुढे तिचं म्होतूर लावून दिलं, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. वाजंत्री नाही, रुखवत नाही, चोरी केल्यासारखं उरकायचं. नवरा रंगनाथ, कर्जतच्या बाजूला एका वाडीवरचा शेतकरी. कष्टाळू, अबोल, निर्व्यसनी. बैलगाडीतून मला त्यानंच उतरवलं. दोन्ही हातांत धरून माझ्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घरात नेऊन मांडणीवर मागच्या रांगेत ठेवलं. तोंड भिंतीकडे करून.

हंड्याचं तोंड तर वर असतं, असं तुम्ही म्हणाल. ज्याचं नाव जिकडे, त्याचं तोंड तिकडे.

भिंत बघत किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. पोपडे, कोळिष्टकं, एक पाल. सणावाराला मुक्ता मला खाली काढायची, घासायची, पुसायची आणि मुकाट्यानं पुन्हा तसंच भिंतीकडे तोंड करून ठेवायची. माझ्यात पाणी नाही, दाणा नाही. आणि अशात एका वर्षी ज्वारी बरी पिकली तेव्हा रंगनाथनं नगरहून स्टीलचा हंडा आणला. ठळक अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव घातलेला. तो बसला पहिल्या रांगेत.

मित्रांनो, मी त्याला मनातून जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या तुमच्यापुढे सांगता येत नाहीत. काय होतं त्याच्यात? ना ठोका, ना घडण. पत्रा तो पत्राच. चिंच नको, राख नको, फडकं मारलं की चमकला. उन्हाळ्यात त्यातलं पाणी कोमट. तरी पाहुणा आला की विचारणार, "स्टील हाय का वो?" आणि मुक्ताची सासू छबूबाई म्हणणार, "तर! माज्या रंगानं आनलाय." मी मागे अंधारात ऐकत असायचो. भांड्यांचा कुणी देव असेल तर त्याला एवढंच मागायचो, की याला एक पोचा पडू दे. चांगला मुठीएवढा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रंगनाथ खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला. वाडीची विहीर आटली. टँकर येणार, विहिरीत पाणी ओतणार आणि मग बायकांनी नंबरानं शेंदायचं, असं ठरलं. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून बायका आपापली भांडी रांगेत ठेवून घरी भाकऱ्या थापायला जायच्या. बाईच्या जागी भांडं उभं.

छबूबाईनं सांगितलं, "स्टीलचा नगं निऊ. ढकलाढकलीत पोचा पडंल. त्यो मागचा ने."

ज्याला जपायचं तो घरात आणि ज्याचं काहीही झालं तरी चालेल तो रांगेत. अपमान मला कळला. पण किती वर्षांनी ऊन अंगावर आलं होतं. मुक्तानं मला रांगेत पुढेच ठेवलं, आणि सवयीनं तिथंही माझं नाव मातीच्या ढिगाकडे फिरवलं.

टँकर आला. ओतलं गेलं ते पाणी पाहून बायकांचे चेहरे उतरले. सगळ्यांना पुरणार नव्हतं. शेजारच्या वस्त्यांची भांडी चोरून रांगेत लागतात अशी ओरड होती, म्हणून पंचायतीनं गोरक्ष नावाच्या तरुण पोराला नावं वाचायला उभं केलं होतं. तो एकेक भांडं फिरवून मोठ्यानं वाचायचा आणि जिचं असेल ती 'हाय' म्हणायची. माझ्यापाशी आला.

"सौभाग्यवती मुक्ताबाई सूर्यभान, मुक्काम खर्डा."

त्यानं मान वर करून बायकांकडे पाहिलं.

"सूर्यभान कोन? आपल्या वाडीत सूर्यभान न्हाई." त्यानं मला उचललं आणि रांगेबाहेर उन्हात ठेवलं. "खर्ड्याचा हंडा हितं कशाला? सरका फुडं."

मुक्ता चार पावलांवर उभी होती. पदर तोंडात धरलेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना सगळं ठाऊक होतं, पण सगळ्या विहिरीत बघत होत्या. माझ्या मागे साळूबाईचा हंडा होता. जिभेची तिखट बाई. तिनं आपला हंडा पायानं पुढे सारला आणि म्हणाली, "बोल की गं मुक्ते. का दोन घरचं पानी भरतीस?"

दोघीतिघी हसल्या.

मला वाटलं, ही आता मला इथंच टाकून जाणार. घरी रांजण कोरडा, पण घरी जाऊन हंडा गळका निघाला म्हणून सांगता येतं. लाजेपेक्षा तहान बरी, असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत.

मुक्ता चालत आली. मला उचललं, कमरेवर घेतलं, नाव लोकांकडे करून.

"हाय," ती म्हणाली. "माजा हंडा हाय. सूर्यभान माजा पयला दादला. पान लागलं त्याला, माज्या मांडीवर गेला. त्यो जित्ता हुता तवा रिवाज म्हनून नाव घेतलं न्हाई. मेल्यावर लाज म्हनून घेतलं न्हाई. आज घेतलं. रांगंतनं काडायचा आसंल तर मला काडा, हंड्याला कशाला काडतासा?"

गोरक्ष खाली बघू लागला. तेवढ्यात रांगेच्या शेपटाकडून खातून बोलली. गनीभाईची बायको, एरवी कुणाच्या अध्यात नसलेली. "माजी घागर वाच रं गोरक्ष. शहजादी लिवलंय. माजी मोठी भैन. ती बाळातपनात गेली आन् मला तिच्या जागी दिली. रोज तिच्याच नावानं पानी भरते मी. मलाबी काडतूस का?"

साळूबाईनं आपला हंडा पायानं मागे ओढला. "आमच्यावर तर कुत्र्याचंबी नाव न्हाई," ती पुटपुटली. "मोडीतनं आनलेला. माज्या लग्नात कोन देतंय हंडा? तुजं दोनदा लगीन झालं आन् घरात दोन हंडं, दोनीवर नाव, म्हनून पोटात दुखलं बाई." आता सगळ्याच हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. मी भरलो. काठोकाठ. मुक्ताच्या डोक्यावर बसून घरी निघालो तेव्हा माझं नाव वाटेकडे होतं.

रंगनाथला खडीवरच कळलं होतं. संध्याकाळी आला तो उंबऱ्यावरच बसला.

"गावभर झालं म्हनं."

"व्हय."

"त्याचं नाव घेतलंस."

"घेतलं."

त्यानं पायातल्या वहाणा काढल्या. मग तो म्हणाला, "माजं कदी घेतलं न्हाईस."

"तुमचं कसं घेऊ?" मुक्ता म्हणाली. "तुमी जित्तं हायसा."

रंगनाथ हसला की त्याला ठसका लागला, ते मला कळलं नाही. "मेलेल्या मानसासंगं कुस्ती खेळतोय मी," तो म्हणाला. "ह्यो हंडा म्याच फिरवून ठिवला. स्टीलचा आनला त्योबी ह्याच्यासाटी. पन सनाला तू ह्याला घासाय बसलीस की मी बाहीर जायाचो. बघवायचं न्हाई."

मित्रांनो, मी थक्क झालो. मी इतके दिवस स्टीलवर जळत होतो, आणि हा धडधाकट माणूस माझ्यावर जळत होता.

त्यानं उठून माझ्यात तांब्या बुडवला, पाणी प्यायला, आणि तसाच माझ्या अंगावरच्या ठिपक्यांवर हात ठेवून विचारलं, "कसा हुता गं त्यो?"

मुक्ता चुलीपुढे होती. विस्तव सारखा करत राहिली. मग म्हणाली, "पानी लई प्यायचा."

आणि मग ती सांगत गेली.

आता मी पहिल्या रांगेत असतो, नाव दाराकडे. शेजारी स्टील. मत्सर गेला असं खोटं सांगणार नाही. त्याला अजून पोचा पडलेला नाही आणि मी वाट बघतो आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरी मागच्या रांगेत एखादं भांडं भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, किंवा एखादं माणूस, तर त्याला फिरवा. त्याचं नाव मोठ्यानं वाचा आणि विचारा, कसं होतं ते. आणि तुमच्या स्वतःच्या अंगावर जे कोरलेलं आहे ते झाकू नका. माझं नाव किती वर्षं घासलं गेलं. ते गेलं नाही. घासलं की उलट उजळतं.