बोडिलच्या बाजूची दुलई

मित्रांनो, माझ्या पोटात बदकांची पिसे आहेत. माझे कापड आता इतके विरले आहे की खिडकीपाशी धरले तर ती बाहेरून दिसतात. मी दुलई आहे. डेन्मार्कमध्ये खाडीच्या काठी एका बसक्या विटांच्या घरात मी राहते. माझे सगळे आयुष्य एकाच पलंगावर गेले, आणि त्या पलंगाच्याही एकाच बाजूला.

आमच्याकडे नवरा-बायको एका पलंगावर झोपतात, पण पांघरूण ज्याचे त्याचे वेगळे असते. बोडिलच्या लग्नात तिच्या आईने दोन दुलया शिवल्या. बदके अंगणातलीच होती आणि पिसे तिने स्वतः निवडली. ताठ देठाची उशांत गेली, मऊ तेवढी आमच्या पोटात भरली. पुढे कोणाची तक्रार नको म्हणून तिने आम्हा दोघींना तराजूत घालून सारखे केले. डावीकडची दुलई तिच्या नवऱ्याची, प्रेबेनची झाली. उजवीकडची मी, बोडिलची.

प्रेबेन खाडीपलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर इंजिनाचे काम करी. कितीही अंग घासले तरी डिझेलचा वास त्याच्याबरोबर घरी येई आणि त्याच्या दुलईत मुरे. माझ्यात बोडिल मुरली. साबण, दालचिनी आणि तिचे केस, असा तो वास होता. माणसांना वाटते की दुलईत ऊब राहते. ऊब सकाळीच निघून जाते. राहतो तो वास.

बोडिल कुठलीच वस्तू एका कामावर ठेवत नसे. जुन्या लांब मोज्यांत ती कांदे भरी, दर कांद्यामागे एक गाठ मारी आणि मोजा दाराला टांगी. कांदा हवा असला की खालची गाठ कापायची. मेणबत्तीचे उरलेले तुकडे ती खणांच्या कडांना घाशी, मग अडणारे खण बिनआवाज सरकत. पावाच्या पिठाच्या भांड्यावर ती आंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवी आणि ते भांडे प्रेबेन नुकता उठून गेलेल्या जागी ठेवी. पीठ त्याच्या उबेत फुगे. झोपून का होईना, तुझा घरकामाला हातभार लागतो, असे ती त्याला म्हणे.

माझे काम याहून मोठे होते. मी स्वयंपाक करी.

शनिवारी घरात दूधभात असे. बोडिल जाडे गोल तांदूळ थोड्या पाण्यात उकळी, मग दूध घालून ढवळत राही. दूध वर आले की थोडा वेळ मंद आच, आणि शेगडी बंद. पातेल्याचे झाकण ती दोरीने बांधी, वर वर्तमानपत्र गुंडाळी, त्यावर टॉवेल, आणि ते गाठोडे पलंगावर माझ्या पोटाशी देई. जाहिरातींची पाने आधी वापरी, कारण बातम्या प्रेबेनला वाचायच्या असत. मग ती बाजारात जाई किंवा खिडक्या पुशी, आणि मी भात शिजवत पडून राही. तो कधी तळाला लागला नाही. ती येऊन झाकण उघडी तेव्हा तांदूळ दुधात विरून गेलेला असे.

वाडग्यात भात, त्यावर साखर-दालचिनी आणि मधोमध लोण्याचा गोळा. लोणी वितळून पिवळे तळे होई. त्यांची मुलगी डोर्टे कडेकडेने खात शेवटी तळ्यापाशी पोचे. प्रेबेन सुरुवातच तळ्यापासून करी आणि मग चमचा लांबवून बोडिलच्या वाडग्यातले लोणी पळवी. बोडिल बघून न बघितल्यासारखे करी. स्वतःच्या वाडग्यात ती मुद्दामच मोठा गोळा घाली.

भात शिजवायला दुसऱ्या दुलईला कधी बोलावले नाही. त्या दुलईतला भात बोटीवर शिजल्यासारखा लागेल, असे बोडिलचे म्हणणे होते. शेजारची आस्टा जेवायला आली की माझे नाव घेऊन कौतुक करी. मला ते आवडत असे.

पुढे डोर्टे शहरात गेली, प्रेबेन निवृत्त झाला आणि बोडिल आजारी पडली. माझ्याखाली ती थोडी थोडी कमी होत गेली. शेवटी शेवटी तर उशीवर डोके दिसे म्हणून कळे की पलंगावर कोणी आहे. वसंत नुकता लागला होता तेव्हा तिने घरातच प्राण सोडला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला शवपेटीत त्याच्याच उशीवर, त्याच्याच दुलईखाली निजवतात. पेटीवाल्याने हळू आवाजात तिचे अंथरूण मागितले. प्रेबेनने तिची उशी दिली. मग तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, आणि वळून त्याने स्वतःची दुलई उचलली.

"बाबा, ही तुझी आहे," डोर्टे म्हणाली.

"माहीत आहे. हीच जाऊ दे."

माझी बहीण बोडिलबरोबर मातीत गेली. मी मागे राहिले.

त्यानंतर प्रेबेन आपल्या बाजूला एका पातळ लोकरीच्या ब्लँकेटमध्ये झोपू लागला. मला त्याने हलवलेसुद्धा नाही. चादर बदलायची असली तरी माझ्या बाजूची तशीच ठेवी. जेवणाच्या वेळेला तो यायचा, माझ्या वरच्या काठात तोंड खुपसायचा, एक-दोन श्वास घ्यायचा आणि लगेच बाजूला व्हायचा. जास्त घेत नसे. संपेल अशी भीती त्याला होती. मित्रांनो, मी सगळा वास घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न करत होते. पण त्याच्या दर श्वासाबरोबर थोडा जात होता, हे मला कळत होते.

त्याने जेवणही सोडल्यासारखेच होते. ओट्याशी उभ्यानेच काळ्या पावावर डब्यातली वाटलेली कलेजी फासायची, दोन घास खायचे, बाकी डस्टबिनमध्ये. डोर्टेचा फोन आला की मासे खाल्ले असे सांगायचे. आस्टा भांडी भरून आणे. ती तशीच भरलेली परत जात. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवे भोक पाडले.

एका शनिवारी आस्टाने त्याला सरळ विचारले की तुझ्या जिभेला या जगातले काय चालेल ते तरी सांग. तो विचार करून म्हणाला, "दूधभात. पण तू केलेला नको."

ती गेल्यावर तो स्वयंपाकघरात शिरला. मला भिंतीपलीकडून दुधाचा वास आला आणि माझी पिसे जागी झाली. तांदळाच्या पुड्यावर छापलेले बघून त्याने भात उकळला. पण पातेले कसे बांधायचे ते पुड्यावर नव्हते. एवढी वर्षे तो बोटीवरून यायचा तेव्हा गाठोडे पलंगात गेलेले असायचे. पातेले बिछान्यात ठेवतात एवढेच त्याला माहीत होते. त्याने झाकण नुसते ठेवले, वर्तमानपत्राचे एक पान गुंडाळले आणि पातेले घेऊन पलंगापाशी उभा राहिला. ब्लँकेट फार पातळ होते. शेवटी त्याने माझे टोक उचलले.

"सांभाळ ग," तो म्हणाला. मला म्हणाला की तिला, ते मला सांगता येणार नाही.

मी सांभाळले. कितीतरी महिन्यांनी माझ्याखाली काही गरम होते. दुपार होती, बाहेर धुके होते. प्रेबेन आपल्या बाजूला आडवा झाला आणि माझ्याकडे तोंड करून बघत राहिला. उजवीकडे पुन्हा एक उंचवटा होता आणि त्यातून ऊब येत होती. त्याला झोप लागली. बोडिल गेल्यापासून तो असा झोपला नव्हता. तोंड उघडे, श्वास जड, पूर्वीसारखा.

झोपेत तो कुशीवर वळला. त्याचा हात पलंगाची मधली रेघ ओलांडून आला, त्या उंचवट्यावर पडला, आणि त्याने तो जवळ ओढला.

मला आवाज असता तर मी ओरडले असते. झाकण सरकले. पातेल्यातले सगळे माझ्यात गेले. वरच्या काठात, जिथे बोडिल सगळ्यात जास्त होती, तिथे.

तो उठला. माझ्यावरचा भात त्याने चमच्याने गोळा करून पातेल्यात भरला. ओल्या फडक्याने पुसले, आणि मग फडके थांबवले, कारण पुसले तर तीही पुसली जाईल. मला त्याने हीटरजवळ खुर्चीवर टांगले.

दूध पिसांत गेले की बाहेरून वाळते, आतून आंबते. थोड्याच दिवसांत माझी मलाच लाज वाटू लागली. तरी प्रेबेन येत राहिला. आधी त्याला दुधाच्या खाली बोडिल सापडत असे. मग तो जास्त वेळ शोधू लागला.

डोर्टेने फोनवर सांगितले की फेकून दे ती दुलई, मी मशीनमध्ये धुता येणारी नवी घेऊन येते. त्याने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

आस्टा दारातूनच म्हणाली, "प्रेबेन, घरात काय मेलंय?" बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

"मी नाही अजून," तो म्हणाला.

ती नाकाच्या रोखाने आत आली आणि माझ्यापाशी थांबली. हिला धुवायला हवे, नाहीतर पिसे कुजतील आणि मग फेकायचीच वेळ येईल, असे तिने सांगितले. तो नाही म्हणाला. तिने पुन्हा सांगितले. त्याने तिला घरी जायला सांगितले. पण आस्टा खुर्ची ओढून बसली.

"तिचा वास शेवटचा कधी आला तुला?"

प्रेबेन खिडकीकडे वळला. "मंगळवारी," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "मला वाटतं, आला."

आस्टा बसून राहिली आणि तो उठला. खिशातल्या चाकूने त्याने माझ्या खालच्या कोपऱ्याची शिवण उसवली. तिथे दूध पोचले नव्हते. त्याने मूठभर पिसे काढली आणि घट्ट झाकणाच्या एका काचेच्या बरणीत भरली. कोपरा त्याने जाड दोऱ्याने स्वतः शिवला. त्याचे टाके अजून माझ्या अंगावर आहेत, बोटीचे शीड शिवल्यासारखे. मग मला उचलून दोन्ही हातांवर घेऊन तो आस्टाच्या घरी गेला. मदत करू का, असे तिने विचारले. नको म्हणाला.

धुणे म्हणजे काय हे मी सांगत नाही. पाणी सगळीकडे शिरते. माझ्यात जे होते ते फेसाबरोबर गेले आणि मी काही करू शकले नाही.

धुतल्यावर पिसांचे गोळे होतात आणि ते ओले राहिले तर दुलई संपते. आस्टाने वाळवायच्या मशीनमध्ये माझ्याबरोबर टेनिसचे चेंडू टाकले, म्हणजे ते आपटून गोळे फोडतात. चेंडू तिच्या कुत्र्याचे होते. तो बिचारा मशीनसमोर बसून सारखा कुंई कुंई करत होता. त्याच्या शेजारी प्रेबेन बसला होता, इंजिनाजवळ बसावे तसा, कान लावून. मशीन थांबले की तो मला बाहेर काढी, चाचपून बघी आणि पुन्हा आत घाली. आस्टा म्हणाली, झाली वाळून. तो म्हणाला, मध्ये अजून ओली आहे. त्याचेच खरे होते.

घरी आल्यावर त्याने मला पलंगावर पसरले आणि वरच्या काठात तोंड खुपसले. मी फुगलेली होते, मऊ होते, त्याच्या आठवणीत नसेन इतकी हलकी होते. माझ्यात काहीच नव्हते. थोडा कुत्र्याचा वास असेल.

मग त्याने बरणी उघडली. ती काकडीच्या लोणच्याची होती. आतल्या पिसांना व्हिनेगरचा वास येत होता. तो बराच वेळ बरणी हातात धरून बसला. ते लोणचेही बोडिलनेच घातलेले होते. बरणी त्याने कपाटात ठेवून दिली.

पुढच्या शनिवारी त्याने पुन्हा दूधभात लावला. झाकण कसे बांधायचे ते त्याने आस्टाला विचारले होते. टॉवेलही गुंडाळला. या वेळी तो पलंगावर आडवा झाला नाही, शेजारी खुर्ची घेऊन बसला. भात चांगला शिजला. मी विसरले नव्हते. तो टेबलापाशी बसून जेवला. मला इथून चमचा ऐकू येत होता. एकदा चमचा थांबला, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला लाकडावर टेकल्याचा आवाज आला. तिथे वाडगा नव्हता. मग तो पुन्हा खाऊ लागला. अर्धाच खाल्ला, पण बसून खाल्ला.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाका, झटका, दूध सांडले तर त्याच दिवशी धुवा. आणि तुमचे माणूस गेले, तर आम्हाला त्याची म्हणून तशीच ठेवून देऊ नका. वास टिकत नाही. आम्ही खूप प्रयत्न करतो, पण टिकत नाही. आम्ही पांघरायच्या वस्तू आहोत. आम्हाला पांघरा.

थंडी वाढली तेव्हा प्रेबेनने लोकरीचे ब्लँकेट घडी करून ठेवले. आता तो माझ्याखाली झोपतो, उजवीकडे, बोडिलच्या जागेवर. एवढ्या वर्षांत त्याच्या अंगात मुरलेला डिझेलचा वास आता माझ्यात उतरू लागला आहे. सकाळी तो मला झटकतो आणि नीट पसरतो. पलंगाची जी बाजू रिकामी असते, ती आता बोडिलची नाही, त्याची आहे.