वरच्या मजल्यावरचा सल्ला

निषादने स्पीकरच्या खोक्यावरच्या सोनेरी स्टिकरवर तळहात ठेवला आणि आकडा झाकून टाकला.

"हे बघूच नका, काका. अडीच हजार वॉट लिहिलंय. तुमच्या घरातली सगळी उपकरणं मिळून एवढी वीज खात नाहीत. हा आकडा कंपनी स्वतःच्या मनाने छापते."

भिवाजींना तो आकडा तसाही दिसत नव्हता. काचबिंदूने दोन वर्षांत त्यांची नजर नेली होती. आता उजेड आणि सावली एवढंच कळत असे. काउंटरवर वाजत असलेल्या दुसऱ्या एका जोडीतल्या लाकडी स्पीकरवर पालथा हात ठेवून ते उभे होते. दुकानदार जनार्दनने त्यांनीच आणलेली सीडी लावली होती. गावच्या यात्रेतला कुस्त्यांचा आखाडा. हलगी वेगळी ऐकू येत होती, निवेदकाचा आवाज वेगळा, आणि दोन्हींच्या खाली मातीवर घासणारे पायही.

"आता पट काढतोय," भिवाजी म्हणाले. "काढला बगा. गेला खाली."

टीव्हीच्या पडद्यावर लाल लंगोटवाला त्यानंतर मातीत पडला. मृण्मयी पडद्याकडे बघायचं सोडून भिवाजींकडे बघत राहिली.

चौघं भूगावहून पिरंगुटला सहा आसनी रिक्षाने आले होते. भिवाजी आणि सगुणाबाई घरमालक. निषाद आणि मृण्मयी त्यांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. रस्त्याकडेची जमीन बिल्डरला दिल्यावर घरात पैसा आला होता, पण तो उधळायचा नाही हे सगुणाबाईंनी पक्कं केलं होतं. चार दिवसांपूर्वी त्या स्वतः जिना चढून वर आल्या होत्या.

"तुमी कंप्युटरवाले. आमाला कुनीबी बनवंल. तुमी संगं चला."

निषाद आला आणि त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. खोली लहान आहे, तिच्यात एकोणतीस इंची टीव्ही डोळ्यांवर येईल, एकवीस इंची पुरे. पाच स्पीकरचा संच लावायला चार कोपरे मोकळे लागतात, तुमच्या एका कोपऱ्यात कणगी आणि दुसऱ्यात देव्हारा. डीव्हीडी प्लेयर घ्या, त्यावर तुमच्या सीड्याही चालतात. ज्याचं सर्व्हिस सेंटर कोथरूडला आहे तोच घ्या.

"शेजारच्या गेनबानं पाचवालं घेतलंय," सगुणाबाई म्हणाल्या. "घरात मावंना म्हनून दोन गोठ्यात टांगल्यात. म्हशी ऐकत्यात."

सगळे हसले. मग निषाद शेवटच्या मुद्द्यावर आला.

"आणि टीव्हीला स्वतःचा स्पीकर असतोच, काकू. आवाजावर वेगळा खर्च कशाला? आधी वापरून बघा. गरज वाटली तर नंतर घेता येईल."

काउंटरमागून जनार्दन इतका वेळ ऐकत होता.

"मी काय म्हणतो, काकांना दिसत नाही," तो म्हणाला. "त्यांनी टीव्ही हवा तर अजून लहान घ्यावा, पण हे दोन स्पीकर घ्यावेत. त्यांना आवाजच कामाचा."

"त्यांना विकायचंच असतं, काकू," निषाद हसून म्हणाला.

सगुणाबाईंनी जनार्दनकडे असं बघितलं की त्याने पुढे काही सांगितलं नाही. भिवाजींचा हात अजून स्पीकरवरच होता. तो त्यांनी सावकाश उचलला.

"सायब म्हंत्यात तसं करा," ते म्हणाले.

घरी आल्यावर निषादने खिडकीचा जाड पडदा ओढला, शर्ट खुंटीला लावला आणि कॉटवर अंग टाकलं.

"वाचलो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ते दोन डबे खाली आले असते तर मी दिवसा झोपलो असतो का? हलगी ऐकलीस ना? गेल्या महिन्यात कॉलवर डुलकी लागली तर टीम लीडरने वॉर्निंग मेल टाकली. अजून एक आली की संपलं."

मृण्मयीला मेल आठवत होती. अकोल्याहून इथे आल्यापासून निषाद रात्रभर अमेरिकेतल्या लोकांच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकत असे. संध्याकाळी कंपनीची गाडी घ्यायला येई आणि सकाळी लालभडक डोळ्यांनी परत आणून सोडी. त्याची झोप हा त्या घरातला गंभीर विषय होता. ती स्वतः दिवसा भांडीसुद्धा घासत नसे.

"मग तसं सांगायचं त्यांना."

"घरमालकाला? तुझ्याच घरात आवाज करू नको म्हणून?" निषाद कोपरावर उठला. "आणि मी सांगितलं त्यातलं एक तरी वाक्य खोटं होतं का? सांग."

तिने आठवून पाहिलं. वॉटचं खरं होतं, कोपऱ्यांचं खरं होतं, सर्व्हिस सेंटर कोथरूडलाच होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी तिच्यासमोर एका आंधळ्या माणसाला फसवलं गेलं होतं. ती खिडकीशी उभी राहिली. निषाद पाचव्या मिनिटाला घोरू लागला.

पुढच्या रविवारी ती डाळीच्या पिठाची वाटी परत द्यायला खाली गेली, तेव्हा भिवाजींचा पुतण्या दयानंद आला होता. दयानंद यात्रांमधून कुस्त्या खेळत असे. डोळे होते तोवर भिवाजी त्याच्या प्रत्येक मैदानाला पुढच्या रांगेत बसत. हात धरून न्यायची वेळ आली तसं त्यांनी जाणं बंद केलं. आता मैदानाचं शूटिंग करणाऱ्याकडून दयानंद सीडी घेऊन येई आणि काकांसमोर उभा राही. टीव्ही घेतला होता तो एवढ्यासाठीच.

भिवाजी जमिनीवर बसून टीव्हीच्या कडेला, स्पीकरच्या जाळीवर कान टेकवून होते.

"मी त्याला खाली घेतला, काका," दयानंद म्हणाला. "पन चीत हुईना. दर येळी सुटतोय. माजं कुटं चुकतंय?"

"पुन्यांदा लाव."

दयानंदने पुन्हा लावलं. त्या चिमुकल्या स्पीकरमधून हलगी पत्र्यावर खडे पडावेत तशी येत होती आणि तिच्याखाली निवेदक बुडून गेला होता. भिवाजींनी डोळे घट्ट मिटले.

"हितं काय म्हनतोय रं त्यो?"

"मला तरी कुटं कळतंय?"

"पुन्यांदा लाव."

तिसऱ्या वेळी भिवाजींनी कान काढला. गालावर जाळीची नक्षी उमटली होती.

"चांगला खेळलास," ते म्हणाले.

दयानंद तसाच उभा राहिला. मग त्याने सीडी काढून खिशात घातली, काकांच्या पायांना हात लावला आणि तो निघून गेला. सगुणाबाई हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून उंबऱ्यापर्यंत आल्या.

"ह्या मानसानं आजवर कुनाला चांगलं म्हनल्यालं न्हाई," त्या मृण्मयीला हळूच म्हणाल्या. "मैदानात ह्यांच्या शिव्या पार पलीकडच्या टोकाला ऐकू जायच्या. पोरं त्याचसाठी ह्यांच्याकडं यायची." मग त्यांनी पदर खोचला. "थांब, त्या दुकानवाल्याकडं बघतेच."

त्या गेल्याही. संध्याकाळी निषाद गाडीसाठी खाली उतरत असताना त्या परतल्या आणि जिन्याच्या तोंडाशीच त्याला भेटल्या.

"लई बोलले त्याला, सायब! गिऱ्हाईकं हुबी व्हती, त्यांच्याम्होरं. म्हनलं, आंधळ्या मानसाच्या गळ्यात मुका टीव्ही बांधलास व्हय रं? तर म्हनतोय कसा, मी स्पीकर दावलं व्हतं, तुमच्या सायबांनीच नगं म्हनलं. आमच्या सायबावर ढकलतोय मेला!"

मृण्मयी वर कठड्याशी होती. तिने निषादकडे बघितलं. आत्ता बोलेल, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

"असतात काकू अशी माणसं," निषाद म्हणाला आणि गाडीत बसला.

हेही वाक्य खोटं नव्हतं.

गाडी वळणाआड गेल्यावर मृण्मयी जिना उतरली. सगुणाबाई धार काढायला गोठ्यात गेल्या होत्या. भिवाजी ओट्यावर बसले होते. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, निषादची रात्रपाळी, ती मेल, पडदा ओढल्यावर तो म्हणालेला शब्द. सांगताना तिचा आवाज चढत गेला.

भिवाजींनी मान तिच्याकडे वळवली.

"झोपंसाठी?"

"हो."

"मंग सांगायचं की!" ते एकदम ओरडले. ओट्याखालचं कुत्रं उठून दूर गेलं. "मी काय वाघ हाय व्हय? तालमीत एखादं पोरगं झोपल्यालं असलं तर आमी मेहनत कराया भाईर जायचो. झोपल्याल्या मानसाला उठवायचा न्हाई, एवढं आमाला कळतंय. काका, दिवसा आवाज नगं, असं म्हनला असता तर दिवसा लावलंच नसतं म्या. पर न्हाई. मला वॉट शिकिवलं! दुकानात हुबा करून शिकिवलं, आन म्या मान डुलवत ऐकलं."

त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले.

"आन तुमी? तुमी व्हता न्हवं तितं?"

"होते."

"पोरगं तोंड पाडून गेलं तवा आठवलं तुमाला."

सगळा राग आपण निषादवर ठेवला होता आणि त्यातला स्वतःचा वाटा काढून घ्यायचा राहून गेला होता, हे मृण्मयीला त्या ओट्यापाशी कळलं. गोठ्यातून धारेचा आवाज येत होता.

"सगुणाला ह्यातलं काय बोलू नगा," भिवाजी शेवटी म्हणाले. "ती जिन्यात हुबी ऱ्हाऊन गाव गोळा करंल. उद्या सकाळी मला पिरंगुटला न्या. हात धराया कुनीतरी लागतंय."

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकं होती. ती जायची वाट भिवाजींनी बघितली नाही. जनार्दनचा आवाज कुठून येतो ते ऐकून त्या दिशेला वळून त्यांनी हात जोडले.

"काल माज्या बायकूनं तुमाला बोलाय नगं व्हतं. तुमी बरूबर सांगितलं व्हतं. चूक आमची."

"अहो, काका, असू द्या," जनार्दन गडबडून म्हणाला. काउंटर ओलांडून तो बाहेर आला आणि त्याने त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. मृण्मयी फ्रिजच्या रांगेकडे तोंड करून उभी होती. 'आमची' हा शब्द भिवाजींनी कुणाकुणाला मिळून वापरला होता, ते तिने विचारलं नाही.

ते दोन लाकडी स्पीकर जनार्दन दुपारी स्वतः घेऊन आला. मृण्मयी वर गेली. निषाद सकाळपासून झोपला होता. खाली स्टूल सरकल्याचा, वायर ओढल्याचा आवाज झाला. दयानंदला बोलावणं गेलं असावं. त्याची मोटारसायकल येऊन थांबली. मग जनार्दन निघून गेला.

"सायब!"

भिवाजींची हाक जिन्यातून वर आली. निषाद दचकून जागा झाला.

"पडूनच ऱ्हावा, सायब! उठू नगा. निस्तं सांगा."

हलगी सुरू झाली. मोठी नाही, पण स्वच्छ. तिच्या पलीकडून निवेदक कुणाचं तरी नाव पुकारत होता आणि ते नाव वरही कळत होतं.

"एवढा चालंल का?"

गच्चीवर चढून कुणी अँटेना फिरवतं आणि खालून कुणी ओरडून सांगतं, तसा तो प्रश्न साऱ्या आळीला ऐकू गेला. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

निषाद उठून बसला होता.

"तू सांगितलंस?"

मृण्मयी चादरीची घडी घालत होती. तिने कोपरे जुळवले.

"अवो, त्यांना कशापायी इचारताय?" खालून सगुणाबाईंचा आवाज आला. "घर आपलं, टीव्ही आपला!"

"झोप त्यांची हाय. त्यांनाच इचारायचं." आणि मग वर, पहिल्यापेक्षा मोठ्याने, "लाजू नगा, सायब! न्हाई तर न्हाई म्हना!"

"सांग ना त्यांना, चालेल म्हणून," निषाद कुजबुजला.

"तुला विचारतायत."

वरून काहीच उत्तर गेलं नाही. खाली आवाज कमी झाला.

"बरं. आता?"

निवेदक हलगीत मिसळला.

"आता, सायब?"

अजून कमी झाला. आता डोक्यावरच्या पंख्याच्या आवाजातून फक्त एक बारीक ठोका येत होता. खाली दयानंद काहीतरी विचारू लागला, त्याला भिवाजींनी गप्प केलं. मृण्मयीच्या हातातली घडी पुन्हा उलगडली होती.

"आता तरी चालंल का?"

निषाद कॉटवरून उतरला, अनवाणी दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून उभा राहिला. खाली आवाज पार मिटवला होता, ठोकाही थांबला होता. खाली भिवाजी वाट बघत होते, समोरची बाई ओला परकर हातात धरून इकडेच पाहत होती.