घाट सोसत नाही

मिस्त्रीने गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकले, अंगाचा भार दिला आणि हात काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली आणि मग कुठे तिला थांबायची आठवण झाली.

"ही गाडी नाही, पाळणा आहे," मिस्त्री म्हणाला. "शॉकअप कधीच मेलेत. इतके दिवस तुम्ही नुसत्या स्प्रिंगांवर डुलत होता."

"म्हणूनच आईला घाटात मळमळतं," खटपट्या म्हणाला.

खटपट्या हे नाव आईनेच पाडलेलं. शाळेत असताना त्याने भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीसाठी उघडलं होतं, ते उघडं राहिलं ते राहिलंच. आता तो स्वतः शाळेत गणित शिकवत होता, कानशिलांवरचे केस पिकायला लागले होते, पण नाव काही सुटलं नाही.

घाटावरच्या गावात आईची थोरली बहीण राहायची. ती घर बंद करून कायमची परदेशी मुलीकडे निघाली होती, याच रविवारी. त्याआधी दोघी बहिणींची भेट झाली नाही, तर ती राहूनच जाईल, हे कळायला गणिताच्या मास्तरची गरज नव्हती. पण तिथेच राहणाऱ्या आजीचं दिवसकार्य झाल्यापासून आई तो घाट चढलीच नव्हती. विषय निघाला की तिचा हात पोटावर जायचा. "मला नाही बाई सोसत तो घाट. फोनवर बोलते की मी." फोनवर बोलायची खरी, पण हवेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.

नवी गाडी परवडणारी नव्हती. तेव्हा आहे तीच वळणावर झुकणार नाही अशी करायची, असं खटपट्याने मनाशी ठरवलं होतं.

"स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला तर?" त्याने विचारलं. "गाडी खाली बसेल, झुकायची थांबेल. फुकटात काम."

"थांबेल की. आणि पहिल्याच खड्ड्यात आईंचं डोकं टपाला लागेल. रोगापेक्षा औषध जालीम." मिस्त्रीने हात पुसले. "शॉकअप नवे घ्या, तिथे कंजूषपणा नको. खालचे रबरी बुश बदलू, ते स्वस्त असतात. आणि याच गाडीच्या महागड्या मॉडेलला पुढे जाड रॉड येतो, तो भंगारात शोधा. एक बाजू झुकायला लागली की तो तिला आवरतो. भोकं तीच, नट तेच."

भंगारवाल्याकडे उलट्या पडलेल्या एका गाडीच्या पोटाखाली तो रॉड सापडला. खटपट्याने तो घरी आणला आणि गॅलरीत बसून पॉलिश पेपरने घासायला घेतला. आई कपडे वाळत घालायला आली आणि थबकली.

"हे काय आणलंस?"

"तुझं औषध. हा बसला की गाडी झुकायचं नाव घेणार नाही. तुझ्या पोटातलं पाणी हलणार नाही बघ."

"मग काहीच होणार नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

आई ओला टॉवेल हातात तसाच धरून रॉडकडे बघत राहिली. "एवढी खटपट कशाला करायची ती," ती म्हणाली आणि टॉवेल न वाळत घालताच आत गेली. खटपट्याला ते कौतुक वाटलं. त्याने आणखी जोमाने गंज घासला.

शनिवारी सकाळी आईचे गुडघे दुखत होते. मग गॅसचा सिलिंडर यायचा होता. मग नळ नीट बंद झाला नव्हता. खटपट्याने नळ बंद केला, शेजाऱ्यांना सिलिंडर घ्यायला सांगितलं आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं.

घाट सुरू झाला आणि गाडीने मिस्त्रीचा शब्द खरा केला. वळणं येत होती, जात होती, आणि गाडी रस्ता धरून शहाण्यासारखी चालली होती. खटपट्याला राहवेना. एक वळण त्याने मुद्दाम जरा जोरात घेतलं.

"बघितलंस?"

"छान झालीय रे," आई म्हणाली. तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती. गाडी वर चढत गेली, आणि शेवटच्या वळणाआधी ती म्हणाली, "थांबव."

त्याने गाडी कडेला घेतली, पळत जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं, पाण्याची बाटली पुढे केली.

"उलटी होतेय?"

"नाही रे. काहीच होत नाहीये. तेच तर." तिने बाटली घेतली नाही. "आजी शेवटची आजारी होती ना, तेव्हा ताईने कितीदा बोलावलं. मी म्हटलं, घाट सोसत नाही. खरं म्हणजे मला आईला तसं बघायची भीती वाटत होती. ताईने सगळं एकटीने काढलं. मी आले ती सगळं आटोपल्यावर. त्या दिवशी बरा सोसला घाट!"

खटपट्या बाटलीचं झाकण हातात धरून उभा राहिला. इतकी वर्षं आईला लपायला एक जागा होती, आणि पदरचे पैसे घालून त्याने ती काढून घेतली होती. त्याला फार वाईट वाटलं.

"परत फिरूया?" त्याने विचारलं, आणि अगदी मनापासून विचारलं.

आईने खालचा रस्ता पाहिला. "नको. तिला तोंड दाखवायलाच हवं." दार तिनेच ओढून घेतलं.

मावशी डोक्याला फडकं बांधून फाटकातच उभी होती. मागे ओसरीवर खोक्यांची रांग होती.

"आलीस? त्रास झाला असेल घाटात."

"नाही झाला," आई म्हणाली. फाटकाची कडी तिच्या हातात तशीच होती. "ताई, तेव्हाही झाला नसता."

खटपट्या गाडीचं टायर निरखू लागला. त्यात निरखण्यासारखं काही नव्हतं.

"चल आत," मावशी शेवटी म्हणाली. "मोठ्या चादरींच्या घड्या राहिल्यात. एकटीने होत नाहीत. टोक धर."

खिडकीतून त्याला दोघी दिसल्या, मध्ये ताणलेली चादर.

"अगं, टोकाला टोक लाव. आपली आईसुद्धा हेच सांगून थकली तुला."

आईचे खांदे हलायला लागले आणि तिच्या बाजूने चादर खाली झोल घेऊ लागली.

"रड हवं तर," मावशी आपली टोकं घट्ट धरून म्हणाली, "पण चादर जमिनीला लावू नकोस. कालच धुतलीय."